मदत हवी आहे: जुन्या नाशकातला वाडा, पुढचा भाग ठेवून मागे लॉज बांधता येईल का?

गोदाकाठ
सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला सामाईक मालकीचा दुमजली वाडा आहे. दर्शनी रुंदी २६ फूट, खोली साधारण ९०. पुढचे दोन खण आणि चौक धडधाकट दिसतो: सागाचे खांब, त्यांखालचे दगडी तळखडे, कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत), तुळई तोलणारे कोरीव हस्त. चौकामागची पडवी आणि माडी बसली आहे. धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. भावाचं म्हणणं, २०२७ च्या सिंहस्थाआधी सगळं पाडून तीन मजली लॉज करू. ठेकेदार म्हणतो, "पाडा, दर्शनी बाजूला फायबरच्या महिरपी लावून देतो, वाडाच दिसेल."
पुढचं ठेवून मागे नवं बांधता येतं का? जुन्या माडीवर खोलीला लागून संडास-बाथरूम काढता येईल का? दर्शनी भिंतीच्या विटा भुगा होऊन पडताहेत, त्यावर सिमेंटचा गिलावा चालेल का? जाणकारांनी सांगावं.

नकाशेवाला
आर्किटेक्टकडे जायच्या आधी तीन कागद काढा. पहिला, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका. सामाईक मालकी आहे, म्हणजे एकाही हिस्सेदाराची सही राहिली तर प्रस्ताव तिथेच अडकणार. भाडेकरू असतील तर तेही लिहून ठेवा.

दुसरा, पूररेषेचा दाखला. सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि ठेकेदार याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषेच्या आत असाल तर नव्या बांधकामाचं जोतं (प्लिंथ) लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. निळ्या रेषेच्या आत रिकाम्या जागेवर नवं बांधता येत नाही, अधिकृत जुन्या इमारतीचाच पुनर्विकास, तोही याच अटीवर. जुनं जोतं आहे तिथेच राहणार, मग मागची इमारत पुढच्यापेक्षा कितीतरी उंच बसेल आणि चौकातून पायऱ्या चढून जावं लागेल. नकाशा याच आकड्यापासून सुरू होतो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजारात धावपळ सुरू होते. २०१६ आणि २०१९ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर शोधा आणि सर्वेअरला दाखवा.

तिसरा, नगररचना विभागाकडून लेखी उत्तर: वाडा वारसा यादीत आहे का, असल्यास श्रेणी कोणती. तिसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर बराच करता येतो, पहिलीत जवळपास नाहीच. यादीत असेल तर न वापरलेल्या एफएसआयचा (प्लॉटवर जेवढं बांधायची मुभा असते त्याचा) टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, मागता येतो, भावाला हे जरूर सांगा. सरकारवाडा किंवा सुंदरनारायण मंदिर जवळ असेल तर राज्य पुरातत्त्व खात्यालाही पत्र द्या. (त्र्यंबकेश्वर मंदिराचा नियम इथे लावू नका. ते केंद्राचं स्मारक. तिथे १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने.)

नोटिशीत वर्ग कोणता लिहिलाय? सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) पुढच्या आणि मागच्या भागाचं वेगवेगळं मागा. एकत्र केलं की मागच्या पडक्या भागामुळे अख्खा वाडा सी-१ मध्ये जातो.

तळखडा
माडीवर संडास अजिबात नको. गणित बघा. पाइप झाकायला फरशीखाली आठ इंच भराव म्हणजे चौरस मीटरला ३६० किलोच्या आसपास, वर मसाला आणि फरशीचे १०० किलो. पाच बाय सातच्या बाथरूमचं वजन दीड टन होतं. राहत्या घराची जमीन माणसं-सामानासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून तपासतात, आणि हे ओझं तर रात्रंदिवस तिथेच. शिवाय गळती कडीपाटावरच्या मातीत मुरते, ती खाली दिसेपर्यंत कड्या कुजलेल्या असतात. सगळी न्हाणीघरं मागच्या नव्या इमारतीत घ्या, जुन्या माडीवर फक्त झोपायच्या आणि बसायच्या खोल्या.

"धडधाकट दिसतो" यावर विसंबू नका. तुळईचं मधलं अंग नेहमीच चांगलं दिसतं, कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक. टोकाजवळचा गिलावा वीतभर काढा आणि बारीक पेचकस टोचा. सेंटिमीटरभर सहज आत गेला तर लाकूड गेलं. ओल मोजायच्या यंत्रावर आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. दुरुस्तीला अख्खी तुळई बदलावी लागत नाही: आधी जॅकचे टेकू, मग कुजक्यापासून फूटभर पुढे चांगल्या लाकडात काप, जुन्या सागाचा तुकडा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. मापं इंजिनिअरच ठरवेल. बसवताना टोकाभोवती हवेला बोटभर जागा सोडा. गवंडी ती हमखास सिमेंटने बुजवतो आणि टोक पुन्हा कुजतं.

व्यवहारी
सगळं ऐकायला छान आहे. पण सिंहस्थाची गर्दी काही महिन्यांची, कर्ज पंधरा वर्षांचं. पाडून बांधलं तर खोल्या दुप्पट होतात.

नकाशेवाला
होतात का ते आधी कागदावर मांडा. वाडा पाडला की जुनी दर्शनी रेषा गेली. रस्तारुंदी लागू असेल तर ती आणि पुढचं-मागचं सोडायचं अंतर सगळं याच प्लॉटमधून जाणार. बोळ अरुंद असेल तर उंचीवरही मर्यादा. वाहनतळ कुठून आणणार? उभा असलेला भाग दुरुस्त केला तर त्याची रेषा टिकते. दोन्ही पर्यायांचे नकाशे काढून खोल्या मोजा, भावाशी वाद घालायची गरजच पडणार नाही.

गोदाकाठ
आभार. ऑडिट वेगवेगळं मागतो. सिमेंटचं काय?

चुनेगच्ची
सिमेंट नको. भिंत जोत्यातून ओल ओढते आणि चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंटने वाट बंद केली की ओल वर चढते, क्षार विटेच्या आत साचतात आणि वीट पापुद्रे टाकत भुगा होते. भिंतीत दडलेले लाकडी खांबही त्याच ओलीत कुजतात. आधी कुणी सिमेंट लावलं असेल तर छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकर लावू नका.
चुना खड्ड्यात विरवून, चाळून, किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा. चुना एक, सुरकी (विटांची भुकटी) एक, वाळू एक ते दीड. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. जाड थराला भेगा पडतात. आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा.

तळखडा
एक राहिलं. नवी इमारत स्वतःच्या खांबांवर उभी करा, जुन्या भिंतीवर तिची एक कडीही टेकवू नका. नाशिकला भूकंपाचा धोका धरावाच लागतो, दोन्ही इमारती वेगवेगळ्या हलणार; मधे किती फट हवी ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. जुन्या भिंतीलगत सलग चर खणू देऊ नका. तीन-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक, भरले की पुढचा. जेसीबीने एका दिवसात चर मारला की पायाखालची माती सुटते आणि ठेवायचा म्हटलेला भागच आधी खाली येतो. हे काम पावसाळा संपल्यावरच काढा.