ट्यूब ठीक, पण स्पोकचं काय?

लांबच्या सायकल सफरीला दोन ट्यूब आणि पॅच किट पुरेल का विचारलंय, तर पंक्चरला पुरेल हो, पण सामान लादलेल्या सायकलचा खरा वैताग म्हणजे मागच्या चाकाचे स्पोक (चाकातल्या तारा), तेही बहुतेक वेळा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचेच तुटतात आणि कॅसेट काढायचं टूल जवळ नसेल तर बसा बोंबलत. मी चार जादा स्पोक चेनस्टेला (चेनलगतच्या फ्रेमच्या नळीला) टेपने चिकटवून ठेवतो (मागच्या चाकाला दोन्ही बाजूंची लांबी सहसा वेगळी असते, मोजूनच घ्या). चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) पण टाका, ९ स्पीडची (मागे ९ चकत्या असलेल्या सायकलची) १० ला चालत नाही मात्र. टायर चिरला तर आतून जुन्या टायरचा तुकडा. मुक्कामाला वॉर्मशॉवर्स ही साइट बघा, सायकलवाल्यांना सायकलवालेच घरी फुकट ठेवून घेतात, फक्त ऐन संध्याकाळी मेसेज टाकू नका राव.