नवी मुंबई ते मोपा: ३७० किलोमीटरला सव्वा तास?

घोडबंदरकर
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कोकणकन्या बंद. बर्थचं सोडा, डब्याची पायरीच चढवत नाही. गाव बांद्याजवळ, म्हणून मे महिन्यात नवी मुंबईहून मोप्याला (गोव्यातला विमानतळ) विमानाने न्यावं म्हणतोय. नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत साधारण ३७० किमी भरतात. विमान ताशी ८०० ने जातं म्हटल्यावर अर्धा तासही लागू नये, पण तिकिटावर सव्वा तास! मधला पाऊण तास जातो कुठे? आणि चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) तर आणखी अलीकडे, मग तिथेच उतरावं का?

ऐरोलीवाला
विमानतळावर नऊ वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. तिकिटावरचा वेळ नुसता उडण्याचा नसतो. विमान जागेवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर चाकं थांबली की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. उलव्याची, म्हणजे नवी मुंबई विमानतळाची, धावपट्टी ३७०० मीटरची. कुठल्या टोकाने उडायचं ते वारा ठरवतो, आणि त्या टोकापर्यंत विमान रांगतच जाणार.

८०० हा वेग वर पोचल्यावरचा. १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपास. तुमच्या अंतरात विमान चढून जरा सरळ होतंय तोच उतरायला लागतं. शिवाय रेषेवरून कोणी नेत नाही, वळणं असतातच. हवेत पाऊण तास धरा, बाकीचा जमिनीवर. त्यात कंपन्या थोडी ढील ठेवतात. उशिरा सुटूनही 'वेळेत पोचलो' म्हणायला बरं.

चिपी सरळ रेषेत ३३५ च्या घरात. ३५ किमी वाचले म्हणजे फार तर चार मिनिटं, आणि मग चिपीजवळच्या परुळ्याहून बांद्यापर्यंत गाडीत तासभर हाडं खिळखिळी. कुडाळ-वेंगुर्ल्याच्या माणसाने चिपीला उतरावं, तेही त्या दिवशी विमान असेल तर. तुम्हाला मोपाच.

चाकरमानी_ठाणे
हवेतला हिशोब झाला, पण घोडबंदर रोडचा कोण करणार? विमानानेही घर ते घर सहा तास धरा. वंदे भारत ठाण्याहून सकाळी सहाच्या सुमारास सुटून सव्वाअकराच्या आसपास कणकवलीला नेते (पावसाळी वेळापत्रक वेगळं). पण पुढे बांद्यापर्यंत गाडी करा, आणि पायरी आहेच.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. मी आयत्या वेळी मागितली होती. वडील पाऊण तास बाकड्यावर, आणि वर मलाच ऐकवत होते.

बांद्याचो
आवशीक उजव्या बाजूच्या खिडकीकडे बसय. जाताना दर्या दिसता.

घोडबंदरकर
मोपा नक्की. व्हीलचेअर आजच नोंदवतो. आईला सगळं वाचून दाखवलं. ब्लॉक टाइममध्ये तिला काडीचा रस नाही. विचारते, येताना सुकं खोबरं आणता येईल ना?

ऐरोलीवाला
नाही हो. तेलामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात सुक्या खोबऱ्याला बंदी आहे. ते एसटीने येणाऱ्या कुणाकडे तरी द्या.