व्यक्तिचित्राचा पाठ आला की मुस्लिम मुले चित्रवर्ग सोडतात, काय करावे?

प्रश्न – रविवारची शिक्षिका
मी ग्रंथालयाच्या एका खोलीत मुलांसाठी विनामूल्य चित्रवर्ग घेते. निम्मी मुले मुस्लिम कुटुंबांतील आहेत. वस्तुचित्र आणि निसर्गचित्र होईपर्यंत सगळे सुरळीत चालते. व्यक्तिचित्र सुरू झाले की त्यांतील चार-पाच मुले पुन्हा फिरकत नाहीत. गेल्या महिन्यात एका मुलीने समोर बसलेल्या मैत्रिणीच्या ओढणीच्या चुण्या अगदी मन लावून रेखाटल्या, चेहरा मात्र कोरा ठेवला. ‘डोळे राहिले की,’ असे मी म्हणताच तिने कागद पालथा घातला. माझे चुकले हे कळले. पण आता हा पाठच गाळावा का?

उत्तर – बोरूवाला
तिचे चित्र अपुरे नव्हते, तिच्या लेखी ते पुरे झाले होते. प्राण्या-माणसांच्या प्रतिमा घडवण्याविषयी हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांत, कडक वचने आहेत. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याचेही त्यांत नोंदले आहे, आणि पुष्कळ घरांत आजही हीच मर्यादा पाळली जाते. तरीही सर्वांचे मत एकच नाही. इजिप्तचे मुफ्ती (धर्मविषयक निर्णय देणारे विद्वान) मुहम्मद अब्दुह यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी, जेथे पूजेचा धोका नाही तेथे चित्र निषिद्ध ठरत नाही, अशी भूमिका घेतली होती. कोणते मत खरे, हा निवाडा शिक्षकाने करू नये; पर्याय मात्र खुला ठेवावा.

माझा स्वतःचा अनुभव अरबी-उर्दू अक्षरांच्या सुलेखनाचा आहे. बोरूचे टोक तिरके छाटायचे, कागदावर टेकवून किंचित ओढायचे, की शंकरपाळ्याच्या आकाराचा एक ठिपका उमटतो. तोच नुक्ता, आणि तेच मापाचे एकक: अलिफ हे अक्षर किती नुक्ते उंच, बे हे अक्षर किती नुक्ते रुंद, हे त्यावर ठरते. या प्रमाणबद्धतेचे श्रेय दहाव्या शतकातील बगदादच्या इब्न मुक्ला यांना दिले जाते. मुले हे मोजमाप तासन्‌तास करत बसतात. (बोटे काळी होतात, हा भाग त्यांना सर्वाधिक आवडतो.)

उत्तर – ठसाचित्रकार
वरील माहिती मोलाची आहे. पण मुस्लिम मूल दिसले की त्याच्या हाती बोरू द्यायचा, ही सवय मला खटकते. मी स्वतः मुस्लिम आहे आणि अमूर्त ठसाचित्रे करते. एका कलादालनाने मला दोनदा विचारले, ‘तुमच्याकडे सुलेखन नाही का?’ चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवण्यापासून सुरुवात करून आयुष्यभर माणसे आणि घोडे रंगवले; नसरीन मोहमदी यांनी पेन्सिल आणि शाईच्या बारीक रेषांतून संपूर्ण अमूर्त जग उभे केले; झरीना हाश्मी यांनी १९९९ मध्ये घर आणि परकेपणाविषयी ३६ काष्ठठशांची मालिका केली, तिच्यातील प्रत्येक चित्राला एक उर्दू शब्द जोडलेला आहे. या तिघांना एकाच साच्यात कसे बसवणार? मुलांना तिघांचेही काम दाखवावे आणि निवड त्यांची त्यांना करू द्यावी.

शिवाय माझ्या घरी झालेला विरोध धर्माचा नव्हता. ‘यावर चूल पेटेल का?’ एवढाच वडिलांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाने त्यांना दिले नाही. वस्त्रसंकल्पन, मुद्रण, ग्रंथसजावट, वास्तुरेखाटन यांतून उपजीविका कशी होते, हे पालकांना समोर बसवून सांगितले, तर कितीतरी मुली वर्गात टिकतील.

उत्तर – एक आई
आम्हाला खोलीबाहेर थांबवू नका, आत बसू द्या. पुढचा पाठ कोणता, हे आधी सांगितले तरी निम्मी धास्ती कमी होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे आभार. पाठ गाळणार नाही. त्या दिवशी मैत्रिणीचा चेहरा, तिचा हात किंवा तिची चप्पल, यांपैकी काहीही काढावे असे ठेवेन आणि आठवडाभर आधी पालकांना कळवेन. ते पालथे घातलेले चित्र अजून माझ्या फाइलीत आहे. भिंतीवर लावू का, असे त्या मुलीला विचारले. तिने चित्र परत मागून घेतले, ओढणीची राहिलेली एक चुणी पुरी केली, आणि मगच ‘लावा’ म्हणाली.