पाच जुने एकदम जाताहेत. त्यांच्या जागा वीस वर्षांखालच्या पोरांनी भराव्यात का?

फोंड्याचा डावा पाय

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातला, राज्य पातळीवर खेळणारा संघ आहे. या मोसमाअखेर पाच जण खेळणं सोडताहेत: गोली (३६), दोन्ही स्टॉपर, म्हणजे गोलीपुढचे मधले बचावपटू (३५ आणि ३४), त्यांच्यापुढे खेळणारा मिडफिल्डर (३३) आणि स्ट्रायकर (३५). दोघांना नोकरीतल्या पाळ्या जमत नाहीत, एकाचा गुडघा गेलाय, उरलेल्या दोघांना आता पुरे वाटतंय.

समिती म्हणते, वीस वर्षांखालच्या संघातली सात मुलं तयार आहेत, त्यांनाच वर घ्या. पैसे जेमतेम दोन बाहेरच्या खेळाडूंपुरते. पुढचा मोसम सुरू व्हायला दहा आठवडे आहेत. मुलं चांगली आहेत, त्यात वाद नाही. दमत नाहीत, आणि दोघांचा पहिला टच जुन्यांपेक्षा सरस आहे. पाचही जागा त्यांच्यावर सोडाव्यात का? नसेल तर ते दोन खेळाडू कोणत्या जागेसाठी आणावेत? समितीपुढे काहीतरी ठोस मांडावं लागेल, नुसतं "अनुभव हवा" म्हणून भागणार नाही.

स्टॉपर नंबर चार

ठोस हवं असेल तर मिनिटं मोजा. एका सामन्यात अकरा जणांची मिळून ९९० मिनिटं होतात. मोसम १८ सामन्यांचा धरला तर १७,८२०. तुमचे पाच जण प्रत्येकी १६ सामने पूर्ण खेळले असतील तर त्यांची ७,२०० मिनिटं, म्हणजे ४० टक्के. आता सातही मुलांनी गेल्या मोसमात वरच्या संघात मिळून किती मिनिटं खेळली ते काढा. समजा ५०० निघाली, तर समिती त्यांच्याकडून एका वर्षात चौदा पट मागते आहे. हा हिशेब एका कागदावर लिहून बैठकीत ठेवा.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. हे पाच जण मैदानात एकाच उभ्या रेषेत आहेत. गोली, स्टॉपर, मिडफिल्डर, स्ट्रायकर म्हणजे संघाचा कणा. दोन विंगर, एक साइड बॅक आणि बाकावरचे दोघे जात असते, तर मी बिनदिक्कत म्हटलं असतं, घ्या पोरांना. विंगरकडून चेंडू गेला तर मागे सात-आठ जण असतात. स्टॉपरकडून गेला तर मागे फक्त गोली, आणि तोही तुमच्याकडे नवा असणार.

म्हणून माणसं मोजू नका, कामं मोजा. शेवटच्या तीन सामन्यांचे व्हिडिओ घेऊन बसा आणि लिहून काढा: बचावाची ओळ वर घ्यायला कोण ओरडतो, फ्री किकला भिंत कोण लावतो, कॉर्नरला पहिल्या पोस्टवर कोण, साइड बॅकला "जाऊ नको" कोण सांगतो, ऐंशीव्या मिनिटानंतर चेंडू कोण शांत करतो, रेफरीशी कोण बोलतो. बहुतेक संघांत यातली तीन-चार कामं एकट्या जुन्या स्टॉपरकडे असतात, आणि तो गेला की त्याच्या जागी आलेल्या मुलाने ती सगळी उचलावीत अशी अपेक्षा धरली जाते. तिथे मुलगा मोडतो. भिंत गोलीने लावावी, बोलणं उरलेल्यांतल्या थोरल्या साइड बॅकने करावं, पहिला पोस्ट विंगरकडे द्यावा. नव्या स्टॉपरकडे पहिले सहा सामने फक्त त्याचा माणूस आणि हेडर ठेवा.

ओळीचं नीट बघा, कारण तरुण जोडीवर गोल होतो तो बहुधा इथेच. समोरच्याच्या पायात चेंडू आहे, मान वर आहे आणि त्याच्यावर कोणी गेलेलं नाही: अशा वेळी ओळ मागे सरकायला हवी. चेंडू मागे दिला गेला किंवा त्याने तुमच्या गोलकडे पाठ केली: आता पाच-सहा पावलं वर. जुना स्टॉपर पासच्या आधीच ओरडतो, कारण तो खेळणाऱ्याची मान आणि खांदा बघत असतो. मुलगा चेंडू बघतो. तो अर्धा सेकंद उशिरा निघतो, जोडीदार निघतच नाही, आणि दोघांमधल्या दोन मीटरांत समोरचा स्ट्रायकर ऑनसाइड उभा असतो. व्हिडिओ त्या क्षणी थांबवून बचावातल्या चौघांची पावलं दाखवा. मैदानात वीस वेळा सांगून कळत नाही ते एका चित्रात कळतं.

तर माझं उत्तर असं. एक स्टॉपर बाहेरून आणा, एक मिडफिल्डर बाहेरून आणा. दुसरा स्टॉपर मुलांतला. स्ट्रायकर मुलांतला, कारण त्याच्या चुकीने गोल हुकतो, बसत नाही. गोली बाबांना मात्र आणखी एक मोसम थांबायची विनंती करा. या पाचांत शरीराने अजून एक वर्ष काढू शकेल असा बहुधा तोच आहे. सगळे सामने नकोत, अर्धे पुरेत.

फातोर्डा पूर्व स्टँड

इतकं घाबरू नये असं मला वाटतं. आपल्याच एफसी गोवाचं उदाहरण घ्या. २०१९-२० ला इंडियन सुपर लीगमध्ये गुणतक्त्यात पहिलं येऊन लीग शील्ड जिंकली आणि त्यानंतर स्ट्रायकर कोरो गेला, बूमूस, जाहू, मुर्तदा फॉल आणि आपला मंदार राव देसाई मुंबई सिटी क्लबला गेले. अख्खा कणाच गेला म्हणा ना. तरी २०२०-२१ ला संघ उपांत्य फेरीत पोचला, मुंबईशी २-२ आणि ०-० करून पेनल्टीवर ६-५ हरला. नवीन लोकांनी करून दाखवलं. मँचेस्टर युनायटेडनेही १९९५ ला इन्स, ह्यूज आणि कांचेल्स्कीस विकले, पोरं उतरवली आणि त्याच मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले.

डेंपोचा जुना चाहता

पूर्व स्टँड, निकाल तुम्ही बरोबर सांगितलेत, पण ते नवीन लोक कोण होते तेही बघू या. कोरोची जागा कोणा पोराने घेतली नाही. इगोर अँग्युलो आला, त्या मोसमात त्याला ३७ पूर्ण झाली आणि त्याने १४ गोल करून गोल्डन बूट घेतला. मागे इव्हान गोंझालेझ आणि डोनाची, मधे कर्णधार एदू बेदिया. जुन्यांच्या जागी जुनेच आले, आणि त्यांच्या आधाराने सेव्हियर गामासारखी पोरं खेळली. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्याला आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगचे सामने झाले तेव्हा गोलमध्ये धीरज सिंग होता, वय २०. अल रय्यान आणि अल वाहदा, दोघांशी पहिले सामने ०-० सुटले. पोराने कमाल केली, पण त्याच्या पुढ्यात उभे होते गोंझालेझ आणि डोनाची. विसाव्या वर्षी गोली चालतो तो असा. दोन्ही स्टॉपर एकोणीस वर्षांचे असते तर त्याच्यावर किती चेंडू आले असते ते स्टॉपरबाबांनी वर लिहिलंच आहे.

पुढचं वर्षही मोजायला हवं. अँग्युलो मुंबईला गेला, डोनाची गेला, डिसेंबर २०२१ मध्ये प्रशिक्षक फेरांडोही गेले आणि २०२१-२२ ला संघ नववा आला. एका वर्षी कणा बदलून निभावलं, लागोपाठ दुसऱ्या वर्षी नाही.

युनायटेडचंही तसंच. पोरं खेळली हे खरं, पण गोलमध्ये श्मायकेल, मागे ब्रूस आणि पॅलिस्टर, मधे कीन, पुढे कँटोना होता. म्हणजे कणा जाग्यावर होता. आणि पहिलाच सामना अ‍ॅस्टन व्हिलाकडे ३-१ हरले होते, हे तुमच्या समितीने लक्षात ठेवावं. पहिल्या हारीनंतर पोरांना काढायला निघणारी समिती असेल तर पोरं न उतरवलेलीच बरी.

उलट बाजूही सांगतो, कारण ती आपल्या जवळची आहे. गोव्याच्याच डेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही नावं वर्षानुवर्षं तीच. माझ्या मते गोव्याने पाहिलेला तो सर्वांत जुळलेला संघ. पण २०१२ ला स्ट्रायकर रँटी गेला, २०१३ ला प्रशिक्षक आर्मांडो कुलासो गेले, गाभ्यातल्यांची वयं एकत्रच वाढत होती आणि २०१४-१५ ला संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली उतरला. एकाच वयाचे पाच जण एकत्र खेळले की ते एकत्रच थकतात. तुमचंही आज तेच झालंय. पुढच्या वेळी दर मोसमात एक, फार तर दोन जागा बदलायच्या असं आत्ताच ठरवून ठेवा. आज कोण २९-३० चा आहे ते बघा. त्याच्या मागचा मुलगा आत्तापासून त्याच्यासोबत सरावाला हवा.

पट्टी आणि बर्फ

खेळावर बोलणारे बोलले, मी शरीरावर बोलतो. "दमत नाहीत" हे वाक्य वाचून धास्ती वाटली. अठरा वर्षांचा मुलगा दमल्याचं सांगत नाही, थेट मांडीची मागची शीर धरून खाली बसतो.

आपल्याकडे तोच मुलगा शनिवारी वीस वर्षांखालच्या संघातून, रविवारी वरच्या संघातून आणि सोमवारी गावच्या ट्रॉफीत खेळतो. तीन दिवसांत तीन सामने. वर घेतलेल्या प्रत्येक मुलाची मिनिटं एका वहीत लिहा, गावचे सामने धरून. दोन पूर्ण सामन्यांत ७२ तास ठेवा. आठवड्याचा भार आदल्या आठवड्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. गावच्या ट्रॉफीला "नाही" मुलगा म्हणू शकत नाही, ते क्लबनेच त्या गावाला सांगायला हवं.

दहा आठवडे हातात आहेत हे उत्तम, कारण हॅमस्ट्रिंगचा नॉर्डिक व्यायाम बरोबर दहा आठवड्यांचा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, कंबर न वाकवता जमेल तितकं हळू पुढे झुकायचं, शेवटी हातांवर पडायचं. पहिला आठवडा: एकदाच, ५ चे दोन सेट. दुसरा: दोनदा, ६ चे दोन. तिसरा: तीनदा, ६ ते ८ चे तीन. चौथा: तीनदा, ८ ते १० चे तीन. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत आठवड्यात तीनदा, १२, १० आणि ८. सराव संपल्यावर करा, सामन्याच्या आदल्या दिवशी नको. पहिल्याच आठवड्यात दहा-दहा मारायला लावले की मांड्या इतक्या दुखतात की मुलं सोडूनच देतात, आणि मग "हा व्यायाम आपल्याला सोसत नाही" असं ऐकू येतं.

वॉर्म-अपला फिफा ११+ घ्या: १५ व्यायाम, २० मिनिटं. ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, २ मिनिटं जोरात धावणं. आठवड्यात किमान दोनदा. सामन्याआधी मधला भाग गाळायचा.

आणि बूट. पावसात मऊ मैदानावर तयारी होते, मोसम सुरू झाला की तेच मैदान तांबड्या मातीचं दगडासारखं होतं. लांब स्टड तिथे घातले तर नडगी आणि टाच दुखायला लागते. कोरडं पडलं की मोल्डेड स्टड, आणि पहिले दोन आठवडे पळणं कमी.

फोंड्याचा डावा पाय

सगळ्यांचे मनापासून आभार. मिनिटं काढली: सात मुलांची मिळून ४१०, त्यातली २६० एकाच विंगरची. समितीला हे दाखवतोच. गोलीशी बोलणं झालं, अर्धा मोसम थांबायला तयार आहेत. दोन प्रश्न उरले. कॉर्नरला आत्तापर्यंत माणसाला माणूस धरत होतो, दोन्ही उंच स्टॉपर गेल्यावर काय करावं? आणि तरुण गोलीला शेवटच्या मिनिटांत वेळ कसा काढायला शिकवावा?

स्टॉपर नंबर चार

माणसाला माणूस सोडा. मुलं धक्क्यात हरतात आणि खेचाखेची करून पेनल्टी देऊन बसतात. पाच जण गोल एरियाच्या रेषेवर जागा धरून: एक पहिल्या पोस्टला, तीन मधे, एक मागच्या पोस्टला. तिघे त्यांच्या पुढे, समोरच्या तीन उंच खेळाडूंची धाव अडवायला. उडी जिंकायची जबाबदारी यांची नाही, फक्त त्यांना सरळ पळू द्यायचं नाही. एक जण लहान कॉर्नरवर, एक पुढे मध्यरेषेजवळ, आणि गोली. झाले अकरा. सगळ्यांत चांगला हेडर, तुमचा आणलेला स्टॉपर, मधल्या तिघांत मधोमध. नवा मुलगा मागच्या पोस्टला, तिथे त्याला चेंडू येताना दिसतो. आठवड्यात दोनदा, दर वेळी १५ कॉर्नर, खऱ्या विरोधासह. चेंडू बाहेर गेला की "आउट!" एकानेच ओरडायचं, आणि तो गोली.

शिटी

गोलीचं मी सांगतो, कारण नियम बदललाय. १ जुलै २०२५ पासूनच्या नियमांत गोलीला चेंडू हातात आठ सेकंद ठेवता येतो. त्याहून जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. पूर्वी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, आणि रेफरी ती क्वचितच देत, म्हणून जुन्या गोलींना चेंडू पोटाशी धरून झोपायची सवय आहे. तुमचे ३६ वर्षांचे गोली मुलाला तीच सवय लावणार नाहीत हे बघा. चेंडू पूर्ण ताब्यात आला की मोजणी सुरू होते आणि शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी दाखवतो. सरावात कोणाला तरी हात वर करून उभं करा. मुलाने हात दिसला की उठायचं, तीनपर्यंत ठरवायचं, एकच्या आत चेंडू सोडायचा. लांब कुठे मारायचा हे आधीच ठरलेलं असू दे, शक्यतो टचलाइनच्या बाजूला. तिथे हरला तरी थ्रो जातो, गोल जात नाही.