सीपीके नॉर्मल आला पण एसजीपीटी वाढलाय, लिव्हरला काही झालं का?

जुळेसोलापूरची_आई
मुलगी ७ वर्षांची, जुवेनाइल डर्मॅटोमायोसायटिस आहे (लहान मुलांचा आजार, स्नायू आणि त्वचेला सूज येते). सुरुवातीला जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी चढायची, पापण्या जांभळट, बोटांच्या सांध्यांवर लाल पुरळ. एसजीओटी एसजीपीटी (लिव्हरसाठी करतात त्या रक्ततपासण्या) वाढलेले म्हणून एका दवाखान्यात कावीळ सांगितली, दीड महिना तेल बंद, शेंगाचटणी बंद, पोरगी अजूनच गळाली. मग दुसऱ्यांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतो तो) करायला लावला तर २८४०, खूपच वाढलेला. आता ५ महिने झाले प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) आणि मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे. कालच्या रिपोर्टमधे सीपीके १२६ आलाय पण एसजीपीटी ७८. सासूबाई म्हणतात गोळ्यांनी लिव्हर खराब झालं, बंद कर सगळं. डॉक्टर गुरुवारी भेटणार, तोपर्यंत काय करू?

होटगीरोड_बाबा
ताई, मनानं काही बंद करू नका, स्टिरॉइड तर एकदम कधीच नाही, इतके महिने बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं आणि अचानक थांबवलं की पोर सिरियस होऊ शकतं. एसजीओटी एसजीपीटी स्नायूतपण असतात, तुमची कावीळची गडबड त्यामुळंच झाली बघा. डॉक्टरांना जीजीटी (लिव्हरची अजून एक रक्ततपासणी) करायचा का विचारा, तो स्नायूतून येत नाही, तो वाढला तर लिव्हरकडं बघायचं.

लॅबवाला_सोलापूर
मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच ना? कुठल्या वारी देता आणि रक्त कधी दिलं?

जुळेसोलापूरची_आई
हो एकदाच, रविवारी रात्री. रक्त सोमवारी सकाळी दिलं, शाळेला सुट्टी होती म्हणून.

लॅबवाला_सोलापूर
मग हे डॉक्टरांना नक्की सांगा. डोसनंतर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरता वाढू शकतो, म्हणून रक्त पुढच्या डोसच्या एक-दोन दिवस आधी देतात. म्हणजे तुमचं शुक्रवार-शनिवारी. आणि एलडीएच (स्नायूंसाठी बघतात ती अजून एक रक्ततपासणी) सांगितला असेल तर सॅम्पल लवकर पोचवा, लाल पेशी फुटल्या की तो खोटा वाढतो, अल्डोलेज या स्नायूंच्या तपासणीचंपण तेच. आदल्या दिवशी पोरीला फार पळू देऊ नका, त्यानं सीपीके चढतो.

अक्कलकोटची_मावशी
एक सांगते, नुसत्या सीपीकेवर विसंबू नका. माझ्या भाच्याचा सीपीके नॉर्मल होता आणि पोराला उशीवरून मान उचलता येत नव्हती. त्याचे डॉक्टर दर वेळी उताणं झोपवून मान किती सेकंद उचलून धरतो ते मोजतात, १२० सेकंदांपर्यंत. रिपोर्टएवढंच ते महत्त्वाचं. आणि आपल्याकडचं ऊन! उन्हानं पुरळ वाढतं, पूर्ण बाह्यांचा ड्रेस, टोपी, सनस्क्रीन, शाळेत जातानासुद्धा.

जुळेसोलापूरची_आई
सगळ्यांचे खूप आभार, गोळ्या चालूच ठेवते, गुरुवारी हे सगळं लिहून नेते. मावशी, आत्ता पलंगावर झोपवून मोजलं, ३४ सेकंद धरली मान. दिवाळीत उचलतच नव्हती.