आजोबांचा स्टँपचा अल्बम सापडलाय, गांधीजींच्या तिकिटाला खरंच कोटी मिळतात का?

माळ्यावरची_पेटी:
नमस्कार मंडळी, सांगलीचं जुनं घर रिकामं करतोय तर माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली, आत एक जाडजूड अल्बम आणि बुटाच्या खोक्यात कोंबलेली दोनेकशे जुनी पाकिटं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, विचारायला कुणी नाही. अल्बममध्ये व्हिक्टोरिया राणी, पंचम जॉर्ज, शारजा-अजमानची मोठाली चकचकीत तिकिटं, 'मग्यार पोस्टा' नावाचा कुठलातरी देश आणि १९४८ ची गांधीजींची दोन. नवऱ्यानं यूट्यूबवर बघितलं की गांधीजींचं तिकीट कोटीत गेलं, तेव्हापासून तो अल्बमला हात पण लावू देत नाहीये 😄 खरं काय आहे? पाकिटांवरची तिकिटं या शनिवारी लेकीला घेऊन पाण्यात भिजवून काढणारे, म्हणजे सगळं एकदम दाखवता येईल.

दाते_मोजणारा:
ताई गांधीजींच्या तिकिटावर किंमत किती लिहिलीय ते आधी सांगा, सगळा खेळ तिथेच आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटं निघाली, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, छपाई स्वित्झर्लंडची, वर 'बापू' देवनागरीत आणि उर्दूत. दीड आण्याचं शिक्का बसलेलं तिकीट चहा-वड्याच्या पैशात मिळतं. दहा रुपयांचं मात्र चांगलं असेल तर हजारांत जातं, आणि म्हणूनच बाजारात त्याच्या नकला बोकाळल्यात. भिंगाखाली धरा, घरच्या प्रिंटरसारखे रंगीबेरंगी ठिपके दिसले की विषय संपला. कोटींची बातमी खोटी नाही पण ती वेगळ्या तिकिटाची, दहा रुपयांवर 'सर्व्हिस' असं छापलेलं, गव्हर्नर जनरलच्या ऑफिससाठी फक्त १०० सेट केले होते, त्यातल्या चारांची पट्टी २०१७ ला पाच लाख पौंडांना गेली. ती पट्टी सांगलीच्या माळ्यावर नसणार, नवरोबांना सांगा.

आता व्हिक्टोरिया. 'ईस्ट इंडिया पोस्टेज' लिहिलेलं असेल तर ते १८८२ च्या आधीचं, नुसतं 'इंडिया' असेल तर बहुतेक नंतरचं आणि त्यातलं हिरवं अर्धा आणा ढिगानं मिळतं. पण कडेला दातेच नाहीत, कात्रीनं कापल्यासारखं आहे असं काही दिसलं तर थांबा, ते १८५४ चं असू शकतं, तिथे चारी बाजूंना किती कागद सुटलाय त्यावर भाव ठरतो. फक्त कुणीतरी दाते कापून बनवलेलं नाही ना तेवढं बघून घ्या.

पंचम जॉर्जची गंमत वेगळीच. वरून तेच दिसणारं तिकीट आधी लंडनला छापायचे आणि १९२६ पासून आपल्या नाशिकला. उलटं करून उजेडाला धरा, कागदात एकच मोठा तारा असेल तर लंडन, बारीक बारीक बरेच तारे असतील तर नाशिक. भाव दोन्हीला फारसा नाही, पण लेकीला घेऊन बसायचंच असेल तर याच्यासाठी बसा.

फाउंटनचा_बाळ्या:
शारजा, अजमान, फुजैरा विसरा. वाळवंटातल्या छोट्या अमिरातींच्या नावानं ६०-७० च्या दशकात एजंट लोकांनी पोरांना विकायला छापलेली रद्दी आहे ती, शिक्के पण छापखान्यातच मारलेले. दिसायला सगळ्यात भारी, किंमत सगळ्यात कमी. मग्यार म्हणजे हंगेरी, हेल्वेशिया दिसलं तर स्वित्झर्लंड, आणि देशाचं नावच नाही नुसतं राणीचं डोकं असेल तर इंग्लंड, त्यांना नाव लिहायची गरज वाटली नाही कधी.

एक राहिलं, कोर्ट फी किंवा रेव्हेन्यू लिहिलेलं असलं तर ते पोस्टाचं तिकीट नाही, त्याचे गिऱ्हाईक वेगळे. संस्थानिकांची बरीच असतात तशी. भोर संस्थानाची मात्र खरंच पोस्टाची तिकिटं होती, १८७९ ची, अर्धा आणा आणि एक आणा, तुमच्या भागात सापडू शकतात.

भिजवून_शहाणा:
अहो ताई भिजवू नका!!! शनिवार रद्द करा. मी कॉलेजात असताना मामांची सगळी पाकिटं बादलीत बुडवली होती, लाल शाई उतरून अर्धी तिकिटं गुलाबी झाली आणि उरलेली नंतर एका जाणकाराला दाखवली तर त्याने पहिला प्रश्न विचारला, पाकिटं कुठायत? गाव, तारीख, शिक्का, किती दर लागला हे सगळं पाकिटावर असतं. सुटं तिकीट दोन रुपयाचं असेल आणि अख्खं पाकीट दोनशेचं. आजपण आठवलं की पोटात कालवतं.

माळ्यावरची_पेटी:
बापरे, बादली परत ठेवली. गांधीजी निघाले दीड आणा आणि बारा आणे, नवरा शांत झाला. भोर नाही. पण खोक्यात १९७१ च्या डिसेंबरची पाकिटं आहेत, त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशाचं फॅमिली प्लॅनिंगचं लाल तिकीट आणि त्यावर आडवं काहीतरी उमटवलंय, रबरी शिक्का असावा, 'रेफ्युजी रिलीफ' असं वाचता येतं. हे खराब झालेलं धरायचं का?

दाते_मोजणारा:
खराब? बांगलादेशच्या निर्वासितांसाठी तेव्हा पत्रामागे पाच पैसे जादा घ्यायचे, १५ नोव्हेंबर १९७१ पासून. छापील तिकिटं सगळीकडे वेळेत पोचली नाहीत म्हणून काही ठिकाणी पोस्टातच शिक्के बनवून जुन्या तिकिटांवर मारले. छापील असेल तर अगदी साधं. पण हातानं मारलेलं असेल आणि पाकिटावर कुठल्या गावचा शिक्का आहे ते वाचता येत असेल तर गांधीजींच्या दोन्हीपेक्षा मला हे जास्त बघायचंय. पाठपोट फोटो टाका, उजेडात, आणि पत्ता झाका.

माळ्यावरची_पेटी:
अशी अकरा आहेत. एकावर गावाचं नाव 'मि' पर्यंतच दिसतंय, पुढचं पुसलंय. टाकते रात्री.