मदत हवी आहे: स्टिअरिंग ढिलं, गाडी डावीकडे ओढते

गाडी १४ वर्षं जुनी आहे, पेट्रोल हॅचबॅक. स्टिअरिंग दोनेक बोटं फिरवलं तरी चाकं जागची हलत नाहीत. सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी हळूहळू डावीकडे जाते. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (चाकांचं वजन समतोल करणं) दोन्ही नुकतंच करून घेतलं. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

घरी केलेले उद्योग: चारही टायरांत हवा सारखी भरली. पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले, ओढ डावीकडेच राहिली, म्हणजे टायरवरचा संशय बराच मिटला. डाव्या टायरची आतली कड मात्र चांगलीच झिजली होती. मग जॅक लावून स्टँडवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं तर गच्च. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं की खट्ट असा बारीक आवाज आणि खेळ (ढिलेपणा) जाणवतो. म्हणजे बेअरिंग किंवा बॉल जॉइंटपेक्षा (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) टाय रॉडकडची, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याकडची भानगड असावी, असा माझा अंदाज.

एक मेकॅनिक म्हणतो अख्खा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून टाय रॉड ढकलणारा भाग) बदला. दुसरा म्हणतो टाय रॉड एंड (टाय रॉडचं चाकाकडचं टोक) आणि लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या सांध्यातली रबरं) पुरेत. न तपासता रॅक सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, खरं सांगतो.

खेळ बाहेरच्या एंडमध्ये आहे की आतल्या रॅक एंडमध्ये (टाय रॉड रॅकला जोडतो तो सांधा), हे घरच्या घरी कसं ओळखायचं? त्या सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, दाबून आत हाताला धक्का लागतो का, एवढं पाहणं पुरेसं आहे? आणि बुश गेलेले असतील तर अलाइनमेंट टिकतच नाही का?